पत्र्यावरचे आबा

रायभानच्या घराचं गळणं थांबलं. थांबवलं ते त्याच्या बायकोनं, दैवशालानं. त्यासाठी तिला सासऱ्याला पत्र्यावरून खाली उतरवून थोरल्या दिराच्या घरी पोचतं करावं लागलं. सासरे वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं त्यांनी काही कुरकुर केली नाही.

पण असं काही झालंच नाही, असं गावात ठरलेलं आहे. तसा ठरावच आहे. ठरावाचा मान राखून आपणही धरून चालू की काही झालेलं नाही. सासरे वर आहेत, दैवशाला खाली आहे, आणि घर गळतंय.

गळतंय ते नेमकं बाजेवर. चुडाव्याच्या पलीकडं, गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, वर पत्रे, बाजूला शेळ्यांचं छप्पर. एवढ्या घरात गळायला दुसरी जागा नव्हती असं नाही. चुलीमागचा कोपरा होता. पाण्याचे हंडे होते, त्यात गळलं असतं तर नळाची वाट बघायची कटकट मिटली असती. पण थेंबाला बाजच पाहिजे होती. आणि ती बाज दैवशालानं लेकीसाठी नव्या सुतळीनं विणून घेतली होती. रुपालीला नववा लागत होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं.

दैवशालाचं स्वतःचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं. त्या वर्षी तिकडं पावसात घरच बसलं होतं. इथं सासूनं डिंकाचे लाडू दिले, पण प्रत्येक लाडवाबरोबर माहेराचं नाव घेतलं. ती चव दैवशालाच्या जिभेवरून अजून गेली नव्हती. आपल्या लेकीला तो लाडू खावा लागणार नाही, हे तिनं रुपाली पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं.

भादव्यात रुपालीची सासू धुरपताबाई सोनपेठहून एस.टी.नं घर बघायला आली. तिला मानानं त्याच बाजेवर बसवलं, कारण घरात बसवण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. चहा दिला. बाहेर पाऊस धरला. पहिला थेंब कपात पडला. धुरपताबाईनं कप उजवीकडं घेतला. दुसरा थेंब उजवीकडं पडला. तिनं कप खाली ठेवला, तेव्हा तिसरा तिच्या भांगात पडला. ती पदर सारखा करत अगदी शांतपणे म्हणाली,

"लेकराला जल्मल्यावर न्हाऊ घालतेत, इहीणबाई. तुमच्यात आधीच घालतेत व्हय?"

मग जाता जाता तिनं अट घातली. पितरपाठ सरू द्या. आवस झाली की घट बसायच्या दिवशी माझा महारुद्र येईल, तो बाजेवर बसून बघेल. जावईबापू कोरडे उठले तर रुपालीला पाठवू. ओले उठले तर बाळंतपण सोनपेठलाच. तिथं स्लॅब आहे.

'स्लॅब' हा शब्द तिनं असा उच्चारला, जसं बाकीचे लोक 'काशी' म्हणतात. ती गेल्यावर दैवशालानं भाकरी थापायला घेतल्या. त्या दिवशीच्या भाकरी शेजारच्या आळीत ऐकू गेल्या.

रायभान हा शेळ्या-मेंढ्या राखणारा माणूस. अशा माणसाला एक सवय लागते: दिवस मावळला की सगळं आपापल्या पायानं घरी येतं, मधे आपण काही करायचं नसतं. गळण्याबद्दलही त्याचं मत तेच होतं. बायकोनं तीनदा बजावल्यावर तो वर चढला आणि बाजेच्या बरोबर वर, सरळ रेषेत, डांबर फासून आला. थेंब तिथंच पडत राहिला. मग त्यानं दुकानातून भेगा बुजवायचा मसाला आणून डांबरावर लावला. थेंब पडत राहिला. मग त्यानं कुणा होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं मोठं बॅनर मिळवलं आणि मसाल्यावर अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. पुढारी हात जोडून आभाळाकडं बघत पडला. त्याच्या पोटावर पाणी साचून तळं झालं, त्यात शेजाऱ्याची बदकं उतरायला लागली, आणि खाली थेंब पडतच राहिला.

"अवो, पालथा तरी घालायचा," दैवशाला म्हणाली. "निदान आपल्याकडं बघितला तरी असता."

मग तिनं ते काम स्वतःच्या हातात घेतलं. दुपारी ऊन पडल्यावर दार-खिडकी लावून, अंधार करून ती वर बघत उभी राहिली. पत्र्यात ठोकलेल्या मोळ्यांच्या दोनचार छिद्रांतून उजेड टोचत होता. तिथं तिनं रायभानला रबराच्या चकत्या ठोकायला लावल्या. पण बाजेच्या वर उजेडाचा कणही नव्हता. वर भोक नाही आणि खाली पाणी आहे, म्हणजे हे पाणी इथलं नाही. कुठून तरी चालत येतं आणि माझ्याच दारात बसतं, असं तिच्या लक्षात आलं. चालत येऊन आपल्याच दारात बसणाऱ्यांचा तिला अनुभव होता.

तिनं रायभानला बादली घेऊन वर पाठवलं आणि सांगितलं, की खालच्या कडेपासून थोडं थोडं ओतत वर जा, मी आत बघते. रायभाननं एकदम सगळी बादली मधोमध ओतली आणि वरून विचारलं, "कळलं का?" तिनं त्याला खाली बोलावलं, साडी खोचली आणि स्वतः शिडी चढली. आता रायभान आत, बाजेपाशी मान वर करून. ती तांब्यातांब्यानं एकेक पन्हळ भिजवत वर सरकत गेली. खालून रायभान दर वेळी "न्हाई" म्हणत होता. कडुलिंबाच्या बाजूच्या टोकाला, बाजेपासून सगळ्यात लांब, तिनं तांब्या रिकामा केला आणि खालून आवाजच येईना. तिनं दोनदा हाक मारली. रायभान बोलू शकत नव्हता, थेंब त्याच्या उघड्या तोंडात पडला होता.

त्या टोकाला पत्र्यावर एक शहाबादी फरशी ठेवलेली होती. दैवशालानं ती उचलली. खाली पत्रा नव्हता. पत्र्याच्या जागी तांबूस, ओलं, पापुद्र्यापापुद्र्याचं काहीतरी होतं. त्यात तिनं बोट घातलं तर बोट घरात निघालं. फरशीनं झाकलं होतं म्हणून उजेड दिसत नव्हता, आणि आत शिरलेलं पाणी लोखंडी अँगलच्या पाठीवरून सरपटत पार बाजेपर्यंत येत होतं. तिनं बोट नाकाला लावलं. गंजाबरोबर आणखी एक वास होता. आंबट कढीचा.

तेव्हा तिला फरशी कुणाची ते आठवलं, आणि राग डोक्यात गेला तो मग उतरलाच नाही.

फरशी आबांची होती. आबा म्हणजे नागनाथ, तिचे सासरे. ते वारल्यापासून दर पितरपाठात आणि आखितीला थोरला मुलगा दत्तराव शिडी लावून धाकट्याच्या पत्र्यावर चढायचा आणि त्या फरशीवर बापाचा घास ठेवायचा. खीर, वडा, भाजी, आणि आबांना आवडायची म्हणून आंबट कढी. कढीला मीठही चढं, कारण आबांना तसंच लागायचं. दत्तरावाच्या बायकोनं, बायनाबाईनं, कढईभर करायची, आणि दत्तरावानं वाटीभर ठेवून उरलेली भक्तिभावानं ओतायची. कावळा वडा उचलायचा. कढी कावळा पीत नाही. ती फरशीखाली जायची आणि वर्षानुवर्षं पत्रा खायची.

दत्तरावाचं स्वतःचं घर समोरच होतं. दुमजली, स्लॅबचं, बाहेरून जिना, जिन्याला कठडा. वर गच्चीला उन्हासाठी पांढरा रंग दिलेला, आणि पाखरांनी घाण करू नये म्हणून चकाकत्या पट्ट्या बांधलेल्या. त्या गच्चीवर कावळा कधी बसला नव्हता. कावळा भावाकडं बसायचा.

फरशी निघाल्याची बातमी दत्तरावाला कळायला फार वेळ लागला नाही. तो अंगणात येऊन उभा राहिला. दैवशाला घाईनं खाली उतरली, पदर नाकापर्यंत ओढला आणि गप्प उभी राहिली, कारण थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. तिला त्याला जे सांगायचं असेल ते ती जवळ असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगायची आणि तो ऐकायचा. त्या दिवशी रायभान पाणी प्यायला आत गेला होता. जवळ फक्त काबरी शेळी होती.

"काबरे," दैवशाला म्हणाली, "इचार त्यास्नी. आबाला कढी आवडायची तर वाटीभर ठिवावी. घागरभर कामून ओतायलाव? आबा प्यायलेत का पत्रा प्यायलाय?"

दत्तरावालाही भावजयीशी थेट बोलता येत नव्हतं. तो गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता, मध्यस्थामार्फत बोलायची त्याला सवयच होती. त्यानं काबरीकडं वळून खाकरून घेतलं आणि सावकाश समजावून सांगितलं. एक, पितरपाठात घराला नवी वस्तू लावायची नसते. दुसरं, बापाचं ताट जागचं हलवायचं नसतं. फरशी होती तिथं ठेवा, आणि काय ती डागडुजी दसऱ्यानंतर बघू. काबरी दोघांच्या मधे उभी राहून शेवग्याचा पाला खात होती. तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही.

दैवशालानं काबरीला सांगितलं की दसऱ्यापर्यंत लेक थांबणार नाही आणि लेकरू तर मुळीच थांबणार नाही. एवढंच बापाचं प्रेम असेल तर फरशी समोरच्या स्लॅबवर न्यावी, तिथं पाहिजे तेवढी कढी ओतावी, ती स्लॅबला काही करत नाही.

"काबरे," दत्तराव म्हणाला, "तुझ्या मालकिणीला सांग. आबा ह्या घरातून गेले, तर येणार ते ह्याच घरावर. माझ्या स्लॅबवर ते कवाच चढले न्हाईत. त्यायला वाट म्हाईत न्हाई."

आणि तो निघून गेला. काबरीनं पाला संपवला.

वाट माहीत नाही. दैवशाला तशीच उभी राहिली. आबा शेवटची कैक वर्षं ह्याच घरात, बाजेच्याच जागी पडून होते. त्यांचं हगणं-मुतणं तिनं काढलं, पाठीच्या जखमा तिनं पुसल्या, खोकला तिनं ऐकला. दर दिवाळीला दत्तराव येऊन म्हणायचा, आता आबाला माझ्याकडं नेतो. एका वर्षी फरशा गुळगुळीत होत्या, आबा घसरतील. एका वर्षी पाहुणे होते. एका वर्षी जिन्याला कठडा नव्हता, तो बसवू आणि मग नेऊ. कठडा बसवला त्या दिवाळीला आबा सकाळीच भिंत धरत उठून, अंघोळ करून, धुवट पटका बांधून, धोतराचं गाठोडं मांडीवर घेऊन दारात बसले. दुपारी ते जेवले नाहीत. कुणी बोलवायला आलं तर ताटावरून उठावं लागेल, म्हणाले. दिवे लागले तेव्हा त्यांनी गाठोडं सोडलं आणि भाकरी मागितली. त्यानंतर त्यांनी समोरच्या घराचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तराव बैठकीला पूर्णेला गेला आणि बायनाबाई रानात गेली. दैवशालानं शेळ्यांच्या छपराचा एक पत्रा उचकटला. पितरपाठात नवी वस्तू लावायची नसते. हा पत्रा जुना होता, त्याला पोचे होते, रीत पाळली गेली. शेळ्या उघड्यावर आल्या म्हणून त्या घरात शिरल्या आणि पुढचं सगळं काम त्यांनी आतून बघितलं. गंजलेला भाग कापून काढला, पोचेवाला पत्रा वरच्या जोडाखाली सरकवला, खालच्या पत्र्यावर हातभर चढता ठेवला, रबराच्या चकत्या घालून मोळे ठोकले आणि वर डांबर दिलं. रायभान मुकाट्यानं हाताखाली राबला. मग तिनं फरशी धुतली, हळद-कुंकू लावलं, रायभानच्या खांद्यावरच्या उपरण्यात बांधली आणि म्हणाली, उचला.

"दादाला काय वाटंल?" रायभाननं विचारलं.

"आबाला काय वाटलं व्हतं, इचारलं व्हतं का कुणी?"

रायभाननं उचलली. दोघं अंगण ओलांडून रस्त्यावर आले. दैवशाला पुढं झाली आणि पदर डोक्यावर घेऊन, सासऱ्यापुढं बोलायच्या हळू आवाजात सांगत चालली. आबा, इथं दगड हाय, जपून. आता हा रस्ता. मोटरसायकल येतीय, थांबा. मोटरसायकलवाला खरंच थांबला, कुणासाठी ते त्याला कळलं नाही. हे फाटक, ह्याची कडी आतून हाय. हा जिना. हा कठडा, धरा. दम लागला तर बसा, घाई न्हाई. वाट बघून ठिवा, पुन्हा कुणी म्हाईत न्हाई म्हणायला नको. जिन्याच्या वळणावर रायभान थांबला आणि बाहीनं तोंड पुसायला लागला. ओझ्यानं, असं त्यानं सांगितलं. वर पोचल्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाच्या मधोमध फरशी ठेवली, नमस्कार केला आणि फाटक नीट लावून घरी आले.

दत्तराव गच्चीवर वर्षातून एकदाही जात नसे, त्यामुळं आवसेपर्यंत त्याला काहीच कळलं नाही. आवसेला तो रीतीप्रमाणं ताट घेऊन आला, शिडी लावली, चढला आणि वरच्या पायरीवर थांबला. समोर डांबर लावलेला पोचेवाला पत्रा होता. मागं रस्त्यावर, आपापले घास ठेवून रिकामी झालेली आळी जमत होती.

"काबरे," दत्तराव शिडीवरून म्हणाला, "आबा कुठं हायेत?"

दैवशालानंही काबरीकडंच बघितलं. पण काबरीला बाहेर कुणीतरी पितराचा वडा टाकलेला दिसला आणि ती निघून गेली. रायभान मेंढरांकडं होता. अंगणात मध्यस्थ असं कुणीच उरलं नाही. दैवशालानं पदर आणखी खाली ओढला, इतका की चेहरा पार झाकला. मग मान वर केली आणि थेट शिडीकडं बोलली.

"आबा तुमच्याकडं ऱ्हायला गेलेत, भाऊजी."

आळी दोन पावलं पुढं सरकली.

"आमी वाट दावलीय त्यायला. कठडा धरून गेले, एकदाबी कुठं बसले न्हाईत. जित्तेपणी तुमी एक दिवाळी नेलं न्हाई. गाठोडं घिऊन दिवसभर दारात बसविलं म्हाताऱ्याला. आता मेल्यावर तरी ठिवून घ्या. जागा पुसायची न्हाई, पाठ पुसायची न्हाई, खोकत बी न्हाईत आता. कढी तर तुमच्या घरचीच हाय."

दत्तरावाच्या हातातलं ताट कलंडलं होतं. कढी त्याच्या पांढऱ्या पँटवरून शिडीवर आणि शिडीवरून खाली येत होती. तो काहीतरी बोलणार होता, पण मध्यस्थ नसल्यामुळं त्याला बोलता आलं नाही. तो खाली उतरला, रस्ता ओलांडला आणि स्वतःचा जिना चढला. आळी मागं मान करून बघत राहिली. त्यानं फरशीवर ताट ठेवलं आणि काव काव केलं. कावळे कडुलिंबावरून बघत होते. चकाकत्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडत होत्या, कोण जाईल? आळीतल्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगायला लागल्या की आबा रुसलेत. खूप वेळ गेला. मग दत्तरावानं एकेक करून स्वतःच्या हातानं सगळ्या पट्ट्या सोडल्या. तिसरी सोडेपर्यंत कावळा वडा घेऊन गेला होता, आणि परत येऊन त्यानं पांढऱ्या रंगाचं जे करायचं ते केलं.

घट बसायच्या दिवशी महारुद्र आला. पाऊस असा, की येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे मेसेज ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत होते. आईनं सांगितल्याप्रमाणं जावई बाजेवर बसला, वर बघत राहिला, मान दुखली म्हणून आडवा झाला आणि घोरायला लागला. तो उठला तेव्हा दैवशालानं त्याचा सदरा बाहीपासून कॉलरपर्यंत चाचपून बघितला. चहा त्याला नंतर मिळाला. आठवडा संपायच्या आत रुपाली माहेरच्या बाजेवर पाय पसरून बसली होती आणि छपराला एक पत्रा कमी असल्यामुळं काबरी तिच्या पायथ्याशी.

मग तंटामुक्ती समितीची बैठक झाली. तक्रारदार दत्तराव, अध्यक्ष दत्तराव. समितीनं दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमतानं ठराव केला, की मयत नागनाथ यांचं स्थलांतर असा कुठलाही प्रकार गावात घडलेला नाही; ते पूर्ववत धाकट्या मुलाच्या पत्र्यावर आहेत; आणि न घडलेल्या प्रकारात हललेली फरशी आखितीच्या आत जागेवर परत ठेवावी. दैवशालाला बोलू दिलं नाही. अध्यक्ष तिचे थोरले दीर पडतात, त्यांच्यासमोर बाईनं तोंड उघडणं रीतीला धरून नाही, असं सांगण्यात आलं. काही म्हणणं असेल तर लेखी द्यावं.

ती घरी आली. चूल पेटवली नाही, पाणी प्याली नाही. रुपालीच्या पोटामुळं मांडीवर पाट ठेवता येईना म्हणून तिच्या गुडघ्यावर ठेवला, कागद दिला आणि म्हणाली, लिही. रुपाली बारावीपर्यंत शिकली होती, अर्जाची भाषा तिला येत होती. आई दात आवळून सांगत गेली आणि लेक लिहीत गेली.

"प्रति, मा. अध्यक्ष, तंटामुक्ती समिती. विषय: मयत नागनाथ यांची थकीत मुदत मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयी अर्ज सादर करते की, मयत नागनाथ हे हयात असताना धाकट्या मुलाकडे संपूर्ण मुदत व थोरल्या मुलाकडे निरंक मुदत राहिले. समितीच्या आदेशाप्रमाणे फरशी परत नेण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि तत्पूर्वी मयतास थोरल्या मुलाच्या वाट्याच्या मुदतीपुरते, खोकल्यासह व पाठीवरील जखमांसह, पुन्हा हयात करण्यात यावे. त्यांस अध्यक्षांच्या राहत्या घरी, जिना चढावा लागणार नाही अशा खोलीत ठेवून घेण्यात यावे. त्यांनी हाक मारल्यास रात्री उठण्यात यावे. सदर मुदत पूर्ण होताच मयतास नियमानुसार पुन्हा मयत करून फरशीसह आमच्या पत्र्यावर वर्ग करण्यात यावे. तरी वरीलप्रमाणे लेखी आदेश आखितीपूर्वी व्हावेत, ही नम्र विनंती."